एका वर्षाची सनावळी कशी मांडावी: इ.स. ६३४ घेऊन पायरीवार पद्धत

शाळेचे भित्तिपत्रक असो, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स असोत की मराठी विकिपीडियावरचे वर्षाचे पान, ‘इ.स. ६३४ मधील घटना’ अशा यादीत चुका ठरलेल्या असतात. शकात ७८ मिळवायचे, हिजरी सन एखाद्या संकेतस्थळावर टाकायचा आणि येईल तो आकडा लिहून मोकळे व्हायचे. मग ६३५ मधली लढाई ६३४ मध्ये येऊन बसते, ऐहोळेचा शिलालेख कोरला त्याच वर्षी पुलकेशीने हर्षाला हरवले असे छापले जाते, आणि तीन याद्या घेतल्या तर तिन्ही वेगळ्या निघतात.

या सगळ्या चुकांचे मूळ एकच: मूळ साधनातली मिती हातात असतानाच तिचा इसवी सन करून टाकायची घाई. इसवी सन शेवटच्या पायरीवर ठरवायचा, तोपर्यंत मूळ मिती जशीच्या तशी सांभाळायची. खालची पद्धत त्याच क्रमाने जाते. उदाहरणाला ६३४ घेतले आहे, कारण या एका वर्षात बहुतेक सगळे सापळे सापडतात.

## तयारी: तक्ता आधी, घटना नंतर

घटना शोधायला बसण्याआधी सात रकाने आखा: (१) मूळ मिती, साधनात आहे त्याच शब्दांत; (२) कोणती कालगणना आणि तिचा वर्षारंभ; (३) गत (सरलेले) वर्ष की वर्तमान (चालू); (४) ज्युलियन (आजच्या ग्रेगोरियनच्या आधीच्या कॅलेंडरची) तारीख किंवा तारखांचा पल्ला; (५) साधन समकालीन की नंतरचे; (६) मिती घटनेची आहे की नोंदीची; (७) खात्रीची श्रेणी.

श्रेणी तीनच ठेवा. दोन स्वतंत्र खुणा जुळल्या तर ‘अ’, एकाच परंपरेवर भिस्त असेल तर ‘ब’, वर्षच वादात असेल तर ‘क’. बारीक श्रेणी पाडल्या की त्या कोणी पाळत नाही.

तक्ता एक्सेलमध्ये करत असाल तर तारखांचे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून ठेवा. १९०० च्या आधीची तारीख एक्सेल तारीख म्हणून ओळखत नाही. वर्ष दोन अंकी लिहिले तर ते आपल्याच मनाने विसावे किंवा एकविसावे शतक धरते.

तारखा बदलणारे साधन निवडताना एकच गोष्ट पाहा: उत्तर ज्युलियन कॅलेंडरमध्ये मिळते की ग्रेगोरियनमध्ये, हे त्यावर स्पष्ट लिहिलेले आहे का. सातव्या शतकात या दोहोंत ३ दिवसांचा फरक पडतो. इतिहासाच्या पुस्तकांत १५८२ पूर्वीच्या तारखा ज्युलियनमध्येच देतात. त्यामुळे यादीत अर्ध्या तारखा एका पद्धतीच्या आणि अर्ध्या दुसरीच्या झाल्या तर चूक डोळ्यांना दिसतही नाही.

## १. वर्षाची चौकट आखा

आता ६३४ वर्ष इतर गणनांत कुठे पडते ते एका कागदावर लिहा. हा कागद शेवटपर्यंत समोर राहू द्या.

- १ जानेवारी ६३४ ला (ज्युलियन) शनिवार. वर्ष लीप नाही.
- शक ५५६ गत: साधारण मार्च ६३४ ते फेब्रुवारी-मार्च ६३५. जानेवारी आणि फेब्रुवारी ६३४ मात्र शक ५५५ गतमध्ये.
- हिजरी १२: ६ मार्च ६३४ पर्यंत. हिजरी १३: ७ मार्च ६३४ ते २४ फेब्रुवारी ६३५.
- सेल्युसिड (सीरियातल्या जुन्या कालगणनेचे) वर्ष ९४५: सप्टेंबर ६३४ अखेरपर्यंत. १ ऑक्टोबरपासून ९४६.
- बायझंटाइन (पूर्व रोमन) इंडिक्शन, म्हणजे १५ वर्षांच्या चक्रातले वर्ष, ७: ऑगस्टअखेरपर्यंत. १ सप्टेंबरपासून ८.
- चीनमध्ये तांग सम्राट ताइझोंगच्या झेनग्वान कालखंडाचे ८ वे वर्ष. ते चांद्र नववर्षाला सुरू होते, म्हणजे शेवटचा महिना बव्हंशी जानेवारी ६३५ मध्ये.

सावधान: यातली एकही गणना १ जानेवारीला सुरू होत नाही. त्यामुळे ‘अमुक सन म्हणजे ६३४’ अशी एकास एक जोडी या कागदावर लिहूच नका. सुरुवात आणि शेवट, दोन्ही लिहा.

गुढीपाडव्याबाबत एक गफलत हमखास होते. आज पाडवा मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलमध्ये येतो म्हणून सातव्या शतकातही तेच धरले जाते. ज्युलियन कॅलेंडर आणि आपले निरयन (ताऱ्यांवरून मोजलेले) पंचांग यांच्यातले अंतर शतकानुशतके वाढत गेले आहे. तेव्हा मेष संक्रांत मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पडे, त्यामुळे पाडवाही आजच्यापेक्षा बराच आधी येई. आजच्या कालनिर्णयावरून त्या काळचा महिना ठरवू नये.

## २. मूळ मिती आकड्यांसकट उतरवा

ऐहोळेचा शिलालेख घ्या. बागलकोट जिल्ह्यातल्या ऐहोळे इथल्या मेगुती जिनालयाच्या भिंतीवर रवीकीर्तीने रचलेली ही संस्कृत प्रशस्ती आहे. तिचा पाठ एपिग्राफिया इंडिकाच्या सहाव्या खंडात मिळतो. मिती शब्दांत दिलेली आहे आणि संख्येचे तुकडे उलटसुलट आले आहेत. भारत युद्धापासूनच्या वर्षांसाठी ‘त्रिंशत्’, ‘त्रिसहस्र’, ‘सप्ताब्दशत’ आणि ‘पञ्च’, म्हणजे ३० + ३००० + ७०० + ५ = ३७३५. शकासाठी ‘पञ्चाशत्’, ‘षट्’ आणि ‘पञ्चशत’, म्हणजे ५० + ६ + ५०० = ५५६.

रकाना १ मध्ये हे तुकडे असेच लिहा, बेरीज शेजारी. नुसता ‘शके ५५६’ लिहून ठेवला तर पुढची पायरी अडते, कारण तिचे उत्तर याच श्लोकातल्या एका शब्दात आहे.

तपासा: साधनात मास, पक्ष, तिथी आणि वार आहेत का? असतील तर चारही उतरवा. नसतील तर रकान्यात ‘मास नाही’ असे मुद्दाम लिहा. कोरा रकाना पाहून महिनाभराने आपल्यालाच वाटते की ते बघायचे राहून गेले.

## ३. गत की वर्तमान ते ठरवा

श्लोकात ‘समतीतासु’ असे आहे, म्हणजे इतकी वर्षे सरल्यावर. तेव्हा शक ५५६ हे गत वर्ष आणि चालू वर्ष ५५७ वे. गत शकात ७८ मिळवले की ज्या इसवी सनात ते वर्ष सुरू होते तो मिळतो: ५५६ + ७८ = ६३४. शब्द न पाहता ५५६ वर्तमान धरले असते तर मिती ६३३-३४ मध्ये सरकली असती.

७८ मिळवण्याचा नियम चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच लागू पडतो. त्याच शकवर्षाच्या जानेवारी ते फाल्गुन भागासाठी ७९ मिळवावे लागतात. ऐहोळेच्या लेखात महिना नाही. त्यामुळे काटेकोर उत्तर ‘६३४-३५’ असेच लिहावे लागते. त्या शकवर्षाचे जेमतेम दोन महिने ६३५ मध्ये पडतात, म्हणून लेख ६३४ च्या पानावर घ्यायला हरकत नाही. मात्र जोडवर्ष पुसायचे नाही.

दुसरी खूण इथेच आहे. कलियुगाचा आरंभ इ.स.पू. ३१०२ चा. गत कलिवर्षातून ३१०१ वजा केले की इसवी सन येतो: ३७३५ − ३१०१ = ६३४. भारत युद्धापासूनची वर्षे आणि शकवर्षे अशा दोन वेगळ्या गणना एकाच आकड्यावर येतात, म्हणजे श्लोकातल्या संख्या आपण बरोबर लावल्या. श्रेणी ‘अ’.

सावधान: नुसते ‘शके अमुक’ दिसले आणि गत-वर्तमानाचा शब्दच नसला तर गत धरून चालण्याचा प्रघात आहे, आणि तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो. पण वार-तिथी दिलेली असेल तर प्रघातावर न विसंबता दोन्ही वर्षांत ती लावून पाहा.

## ४. हिजरी वर्षाचा नाही, हिजरी महिन्याचा पल्ला काढा

६३४ मधल्या घटनांचा मोठा हिस्सा पॅलेस्टाइन, सीरिया आणि इराकमधल्या अरब मोहिमांचा आहे, आणि त्यांच्या मित्या हिजरीत आहेत. इथे ‘हिजरी १३ म्हणजे ६३४’ हा शॉर्टकट सर्वांत जास्त नुकसान करतो. फिहल्‌ची लढाई परंपरेने २८ जिल्काद १३ हिजरीची मानतात. वर्ष १३, पण तारीख निघते २३ जानेवारी ६३५. ही नोंद ६३४ च्या यादीत वारंवार सापडते आणि ती तिथून काढावीच लागते.

महिन्याची सुरुवात हाताने काढता येते. १ मोहरम १३ म्हणजे ७ मार्च ६३४. त्यापुढे महिने आळीपाळीने ३० आणि २९ दिवसांचे धरा. २२ जमादिलाखर काढायची आहे: आधीचे पाच महिने ३० + २९ + ३० + २९ + ३० = १४८ दिवस, त्यात २१ मिळवून १६९. ७ मार्चनंतर १६९ वा दिवस २३ ऑगस्ट. पहिले खलिफा अबू बक्र यांच्या निधनाची ही मिती.

तरीही कुठे २२ ऑगस्ट छापलेले असते, कुठे २३. दोन्हींपैकी चूक कोणतीच नाही. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. परंपरेनुसार निधन संध्याकाळी झाले, म्हणजे हिजरी हिशोबाने २२ तारीख लागली होती, पण युरोपीय हिशोबाने अजून २२ ऑगस्टचा सोमवार संपायचा होता. नोंद ‘२२ ऑगस्टची संध्याकाळ’ अशी करा, वाद मिटतो.

तपासा: आळीपाळीचा हिशोब गणिती आहे, चंद्रदर्शनाचा नाही. प्रत्यक्षात एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. साधनात वार असेल तर शेवटचा शब्द वाराचा.

## ५. वाराने पडताळा

ही पायरी सहसा गाळली जाते आणि तीच सर्वांत स्वस्त आहे. कागद, पेन्सिल आणि सातने भागाकार, एवढेच लागते.

थॉमस नावाच्या धर्मगुरूच्या नावावर असलेल्या सुरियानी नोंदीत म्हटले आहे: वर्ष ९४५, इंडिक्शन ७, ४ फेब्रुवारी, शुक्रवार, गाझाच्या पूर्वेस १२ मैलांवर रोमन आणि मुहंमदाचे अरब यांची लढाई झाली.

चौकटीचा कागद घ्या. सेल्युसिड ९४५ मधून ३११ वजा केले की ६३४. जानेवारी ते सप्टेंबरसाठी ३११, ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ३१२. इंडिक्शनसाठी ६३४ मध्ये ३ मिळवा आणि १५ ने भागा: ६३७ ला १५ ने भागल्यावर बाकी ७. जुळले. आता वार. १ जानेवारीला शनिवार. ४ फेब्रुवारी त्यानंतर ३४ दिवसांनी. ३४ ला ७ ने भागून बाकी ६. शनिवारनंतर सहावा दिवस शुक्रवार. तोही जुळला.

तीन स्वतंत्र खुणा एका तारखेवर येतात, आणि त्या काळच्या नोंदीत याहून जास्त मागणे अवाजवी होईल. ही लढाई बहुधा अरब इतिहासातली दाथिनची लढाई. हीच तारीख कोणी ग्रेगोरियन समजून तपासली तर मंगळवार येतो आणि चांगले साधन विनाकारण खोटे ठरते.

आणखी दोन पडताळे याच वर्षात करून पाहण्यासारखे आहेत. अरब सेनापती खालिद बिन वलीदचा दमास्कसजवळ मर्ज राहित इथला छापा ईस्टरच्या सणात पडला असे सांगतात. ६३४ चा ईस्टर २४ एप्रिलला होता आणि तो दिवस रविवारच येतो. जेरुसलेमचा धर्मगुरू सोफ्रोनियस याच्या नाताळच्या प्रवचनात अरबांमुळे बेथलेहेमला जाता येत नसल्याची व्यथा आहे. त्या वर्षी नाताळ रविवारी आला होता. २५ डिसेंबर हा वर्षाचा ३५९ वा दिवस; ३५८ ला ७ ने भागून बाकी १, म्हणजे रविवार. प्रवचनावर वर्ष नसले तरी ते ६३४ चे ठरते ते यामुळे.

## ६. नोंदीची मिती आणि घटनेची मिती वेगळी करा

मराठी याद्यांतली सर्वांत मोठी चूक इथली. ऐहोळेचा लेख वातापीच्या चालुक्य पुलकेशी दुसरा याच्या विजयांची मालिका देतो: बनवासी, कोकणचे मौर्य, शेकडो नौकांनी वेढलेली पुरी, लाट, माळवा, गुर्जर, हर्ष, कलिंग, पल्लव. तीन महाराष्ट्रक आणि त्यांतली ९९,००० गावे यांचा उल्लेखही त्यातच. पण लेखातली मिती यापैकी कशाचीही नाही. ती जिनालयाच्या उभारणीची आणि लेखाची आहे. विजयांबद्दल ती एवढेच सांगते, की ते त्याआधी झाले होते.

हर्षाशी झालेले युद्ध हे याचे उत्तम उदाहरण. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातल्या अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेला पुलकेशीचा ताम्रपट एप्रिल ६१९ चा आहे आणि त्यात हर्षाच्या पराभवाचा उल्लेख आहे. म्हणजे युद्ध ६३४ च्या किमान पंधरा वर्षे आधीचे. पुरीचा विजयही ६३४ च्या पानावर घालता येत नाही, मग ती पुरी घारापुरी माना नाहीतर राजपुरी.

ह्युएन त्संगचेही तसेच. ६३४ मध्ये तो भारतात होता, हे खरे. पण महाराष्ट्रात तो आला ६४१ च्या सुमारास. पुलकेशीचे नाव ६३४ शी जोडले गेल्यामुळे ही भेटही ओढून त्याच वर्षात आणली जाते.

तपासा: प्रत्येक ओळीला विचारा: या दिवशी काय घडले? लढाई झाली, की लढाईबद्दल कोणी लिहिले? दुसरे असेल तर ओळीत ‘लेख’, ‘दान’ किंवा ‘प्रवचन’ हा शब्द आलाच पाहिजे.

## ७. वादातली वर्षे

इंग्लंडमध्ये नॉर्थम्ब्रियाच्या ओसवाल्डने हॅड्रियनच्या भिंतीजवळ हेव्हनफील्ड इथे कॅडवॉलनला मारले. कुणी ६३३ लिहितो, कुणी ६३४. गोंधळाचे कारण बीड या इतिहासकाराच्या गणनेत आहे. त्याने आदल्या हॅटफील्डच्या लढाईला १२ ऑक्टोबर ६३३ दिले. पण तो वर्ष सप्टेंबरमध्ये बदलत असेल तर ती तारीख आपल्या हिशोबाने ६३२ होते आणि पुढची साखळीच एक वर्ष मागे सरकते. त्यात भर म्हणजे मधल्या वर्षी ख्रिस्ती धर्म सोडलेल्या दोन राजांची नावे यादीतून गाळून ते वर्ष ओसवाल्डच्या खात्यात टाकले गेले, आणि हे बीड स्वतःच सांगतो. राज्यवर्षे मोजून तारीख काढणाऱ्याने हे वाचले नसेल तर तो फसणारच. श्रेणी ‘क’, नोंद ‘६३३ किंवा ६३४’.

दमास्कसच्या पाडावाला ६३४ देणारेही आहेत, पण रज्जब १४ हिजरी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर ६३५, ही मिती अधिक चालते. अशी नोंद दोन्ही पानांवर पूर्ण लिहू नका. पूर्ण मजकूर ६३५ वर आणि इथे एका ओळीचा निर्देश. फुरात नदीवरची पुलाची लढाई काही साधनांत शाबान, काहींत रमजानची आहे. त्यामुळे ‘३० सप्टेंबर ते २७ नोव्हेंबर यांदरम्यान’ असा पल्ला द्यावा. मधली एखादी तारीख निवडून देऊ नये.

संत कथबर्टसारख्यांचा जन्म ‘सुमारे ६३४’ दिलेला असतो. ‘सुमारे’ असलेले जन्म मुख्य यादीत घेऊ नका. एकदा घेतले की पुढची नक्कल ‘सुमारे’ गाळून होते.

## ८. यादी मांडा

आता, आणि आताच, इसवी सनाचा क्रम लावा. पल्ला असेल तर त्याच्या पहिल्या दिवसाप्रमाणे जागा ठरवा. महिनाच नसलेल्या नोंदी शेवटी वेगळ्या गटात. ६३४ ची यादी अशी निघते:

- ४ फेब्रुवारी, शुक्रवार: गाझाजवळ बायझंटाइन आणि अरब सैन्यांची लढाई (सेल्युसिड ९४५, इंडिक्शन ७). अ
- २४ एप्रिल, रविवार: मर्ज राहितचा छापा. ब
- ३० जुलै, शनिवार: पॅलेस्टाइनमधली अजनादैनची अरब-बायझंटाइन लढाई (२८ जमादिलावल १३ हि.). ब
- २२ ऑगस्टची संध्याकाळ: मदिनेत अबू बक्र यांचे निधन, उमर दुसरे खलिफा (२२ जमादिलाखर १३ हि.). अ
- ३० सप्टेंबर ते २७ नोव्हेंबर यांदरम्यान: फुरातवरची पुलाची लढाई, सासानी सैन्याचा विजय. ब
- २५ डिसेंबर, रविवार: सोफ्रोनियसचे नाताळचे प्रवचन. अ

महिना न लागलेल्या:

- शक ५५६ गत (६३४-३५): रवीकीर्तीचा ऐहोळे शिलालेख. अ
- झेनग्वान ८: तिबेटचा राजा स्रोंगत्सेन गाम्पो याच्या काळात तिबेटचा पहिला वकील तांग दरबारी; ताइझोंगने वडिलांसाठी पुढे दामिंग नावाने प्रसिद्ध झालेल्या राजवाड्याचे काम सुरू केले. ब
- ६३३ किंवा ६३४: हेव्हनफील्डची लढाई. क

कंसातली मूळ मिती छापताना जागा वाचवण्यासाठी गाळू नका. पुढच्या माणसाला चूक शोधायला तीच एक वाट असते.

प्रसिद्ध करण्याआधी: यादीतल्या वार दिलेल्या प्रत्येक तारखेचा ७ चा भागाकार दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, आपली बेरीज आपल्याला बरोबरच दिसते. मग ६३३ आणि ६३५ ची पाने उघडा. फिहल्‌, दमास्कस आणि हेव्हनफील्ड शोधा. तीच घटना दुसऱ्या पानावर वेगळ्या तारखेने पूर्ण लिहिलेली सापडली तर दोन्ही पाने एकाच बैठकीत दुरुस्त करा.